पाठ करून बसलेला कर्णा

कल्याणकरांना कोकण गाठायचं तर दिवा स्टेशन जवळचं. पहाटेच्या लोकलने तिथे उतरलो, सावंतवाडी पॅसेंजर धरली आणि क्रॉसिंगला थांबत थांबत संध्याकाळी सावंतवाडीला पोहोचलो. मार्च होता. आमच्याकडच्या मलंगगडाच्या उतारावरची झाडं तेव्हा निष्पर्ण होऊ लागलेली असतात. मला हवा असलेला कर्णा, म्हणजे मलबार ट्रोगन, बारमाही सावलीच्या रानात राहतो. तो तिलारीच्या खोऱ्यात शोधायचा होता.

सकाळी हेवाळे-बांबर्डे पाहिलं. गावाने देवराई म्हणून राखलेली जायफळाच्या कुळातल्या झाडांची ही दलदल २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाली. चिखलातून झाडांची मुळं दुमडलेल्या गुडघ्यांसारखी वर आलेली. तिथून पुढच्या रानात वाटाड्या काका अचानक थबकले. भृंगराज ओरडत होता, भोवती छोट्या पक्ष्यांचा थवा किडे टिपत होता.

"हलू नकात. थंय बघा, पाठ करून बसलो हा."

तपकिरी पाठ, लांब शेपटी. कितीतरी वेळ काहीच हललं नाही. धोका वाटला की कर्णा लाल पोट झाकून असाच पाठमोरा बसतो. मग त्याने झेप घेतली, पानाखालचा नाकतोडा हवेतच उचलला आणि समोरच्या फांदीवर वळून बसला. काळं डोकं, छातीवर पांढरी पट्टी, खाली किरमिजी पोट! इतका लाल पक्षी इतका वेळ दिसू नये, याचं मला अजून नवल वाटतं.

त्याच्या पायाची पहिली आणि दुसरी बोटं मागे वळलेली असतात. ट्रोगन कुळाखेरीज अशी रचना दुसऱ्या कुठल्याच पक्ष्यात नाही. पाय मात्र दुबळे. चोचही सुतारासारखी टणक नाही, म्हणून घरट्याला कुजून मऊ पडलेलं खोडच लागतं. नर-मादी मिळून ते हळूहळू पोखरतात. पावसाआधीचे हे महिने विणीचे. रबर, अननस लावताना रान साफ होतं, तेव्हा अशी खोडं सगळ्यात आधी जातात, आणि त्यांची कुणाला हळहळही वाटत नाही. मला वाटते.

काकांच्या काजूच्या बागेकडेला असंच एक वाळकं खोड उभं होतं. जळणासाठी तोडणार होते. मी विनवलं, कर्ण्याच्या घरट्याचं सांगितलं. त्यांनी खोडावर नख रोवून पाहिलं.

"पावसापर्यंत ऱ्हवांदे. मगे बघूया."

यंदाच्या विणीपुरतं तरी ते वाचलं.