गंधवार्ता

“मला त्याची गंधवार्ताही नव्हती,” हें वाक्य मी आजवर शेंकडों वेळां बोललों असेन. मित्राच्या आजाराबद्दल, घरांत परस्पर ठरलेल्या एखाद्या लग्नाबद्दल, महाविद्यालयांतल्या एखाद्या कारस्थानाबद्दल बोलतांना हा शब्द आपोआप जिभेवर येतो. पण कांहीं वार्ता खरोखरच गंधाच्या पावलांनीं येतात, आणि त्या आल्या नाहींत तर माणसाच्या जिवावर बेतूं शकतें, हें मला पन्नाशी उलटल्यावर कळलें. तें कळण्याचें ठिकाण म्हणजे मुरुडचें आमचें जुनें घर, आणि वेळ सकाळीं साडेसहाची.

मुरुडच्या घरीं माझी थोरली बहीण, आमची आक्का, एकटी राहते. तिला मुंबईस आणण्याचे आम्हां भावंडांचे सारे प्रयत्न फसले आहेत. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें रायगडचा किनारा झोडपून काढला, त्यांत आमच्या वाडींतल्या कितीतरी पोफळी आडव्या झाल्या. तरी ती हलली नाहीं. पुढल्या वर्षीं ती करोनानें आजारी पडली. ताप उतरला, खोकला गेला, पण जातांना तो आजार तिचें नाक घेऊन गेला. तिला कसलाही वास येईनासा झाला. “बरंच झालं,” ती म्हणे, “मासळीबाजारावरून जातांना आतां नाकाला पदर लावावा लागत नाहीं.” यावर आम्हीही हंसत असूं. उदबत्तीचा किंवा सोनचाफ्याचा वास येत नाहीं म्हणून ती क्वचित् हळहळे. पण नाक घराची राखणही करीत असतें, ही गोष्ट ना तिच्या ध्यानांत आली, ना आमच्या.

इकडे मुंबईस माझें ज्ञान वाढत होतें. आमच्या इमारतींत नळाचा गॅस आला, तेव्हां त्याच्याबरोबर एक माहितीपत्रक आलें. शहाणीं माणसें असलीं पत्रकें न वाचतां रद्दींत टाकतात. मीं तें दोनदां वाचलें, आणखी चार पुस्तकें चाळलीं, आणि अध्यापकाच्या संवयीप्रमाणें घरांतल्या माणसांना त्यावर व्याख्यान दिलें. हा नैसर्गिक वायु म्हणजे मुख्यतः मिथेन. कोट्यवधि वर्षांपूर्वीं गाळाखालीं दडपल्या गेलेल्या जीवसृष्टीचा अवशेष. मुंबईच्या किनाऱ्यापासून दीडशेंहून अधिक किलोमीटरांवर, भर समुद्रांत, ‘सागर सम्राट’ या जहाजानें १९७४ सालीं तळाला भोंक पाडलें तेव्हां तेथें तेल सांपडलें; १९७६ पासून उत्पादन सुरू झालें. तेथला वायु समुद्रतळावरच्या नळांतून उरणास येतो. मुंबईच्या घराघरांत तो पोंचविण्यासाठीं १९९५ सालीं महानगर गॅस ही कंपनी निघाली. आतां देशांतला वायु पुरत नाहीं, म्हणून परदेशांत गोठवून द्रवरूप केलेला वायुही जहाजांनीं आणावा लागतो.

स्वयंपाकघरांत येईपर्यंत या वायूचा दाब अगदीं सौम्य केलेला असतो. तो एकवीस मिलिबार असतो, म्हणजे भोंवतालच्या हवेच्या दाबाहून सुमारें पन्नासाव्या भागानें जास्त. तेवढ्याच घनफळाच्या सिलिंडरच्या वायूहून त्याची उष्णता बरीच कमी, म्हणून जुनीच शेगडी वापरावयाची तर तिच्या तोटीचें छिद्र मोठें करून घ्यावें लागतें. ज्योत निळी असावी. ती पिवळी होऊन भांडीं काळीं करूं लागली, तर हवा पुरत नाहीं असें समजावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे हा वायु हवेहून हलका, जवळजवळ निम्म्या वजनाचा. गळला तर छताकडे जातो. म्हणून माझ्या व्याख्यानाचा शेवट नेहमीं एकाच वाक्यानें होई: “वास आला कीं चावी बंद करा आणि वरची खिडकी उघडा.”

गेल्या मे महिन्यांत मी मुरुडास गेलों. संध्याकाळीं समुद्रावर बसलों असतां आक्कालाही हें सारें ऐकावें लागलें. समोर पद्मदुर्ग अंधारांत बुडत होता. वायव्येकडे बोट करून मीं म्हटलें, “तिकडे, त्या क्षितिजाच्या पलीकडे, आमच्या मुंबईच्या चुलीचा विस्तव आहे.”

“वायव्य ही वायूचीच दिशा,” आक्का म्हणाली. “तें बरोबर आहे. पण उरण आमच्या जिल्ह्यांत आणि नळ तुमच्या शहरांत, हें कसं रे?”

यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. रायगड जिल्ह्यांतही आतां नळ पसरूं लागले आहेत. आमच्या घरीं मात्र अजून सिलिंडरच आहे. घरीं परतल्यावर मीं उशिरा चहा मागितला. आक्कानें तो करून दिला, आणि गप्पांच्या भरांत रोज रात्रीं न चुकतां बंद होणारा सिलिंडरचा रेग्युलेटर त्या रात्रीं तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी मागील दाराकडे निघालों, तों माजघरांतच वास आला. सडक्या कोबीसारखा, नाक मुरडावयास लावणारा. मी स्वयंपाकघरांत डोकावलों. ओट्याखालीं सिलिंडर, वर शेगडी. समोरच्या कोनाड्यांत देव. त्यांच्यापुढें वात घातलेलें निरांजन तयार होतें. आक्का पाटावर बसली होती, आणि तिच्या हातांत काडेपेटी होती.

“आक्का, पेटवूं नकोस!” मी इतक्या जोरानें ओरडलों कीं ती पेटी गळून काड्या जमिनीवर विखुरल्या. काय झालें हें तिला समजेना. तिच्या दृष्टीनें ती सकाळ अगदीं रोजच्यासारखी होती. तिला गंधवार्ताही नव्हती.

मीं धांवत जाऊन रेग्युलेटर बंद केला, आणि मग मला माझें व्याख्यान आठवलें. स्टुलावर चढून मीं ओट्यावरची उंच खिडकी सताड उघडली आणि विजयी मुद्रेनें म्हटलें, “झालं! आतां सगळा गॅस वर निघून जाईल.” वाऱ्याला मदत व्हावी म्हणून माझा हात पंख्याच्या बटणाकडे गेला.

“बटणाला हात लावूं नकोस!” आतां ओरडण्याची पाळी आक्काची होती. एव्हांना तिला सारें उमगलें होतें. “आणि वर कसा जाईल? हा सिलिंडरचा. सिलिंडर आणणारा मुलगा मला दोनदां बजावून गेलाय, हा गॅस पाण्यासारखा खालीं बसतो. मागलं दार उघड आधीं, मोरीकडचं.”

मीं मागलें दार उघडलें, तिनें पुढलें उघडलें, आणि माझ्या दंडाला धरून तिनें मला अंगणांत आणून उभें केलें. वाडींतला वारा घरांतून आरपार वाहूं लागला. अर्धा-पाऊण तास आम्हीं दोघें नारळीखालीं कांहीं न बोलतां बसलों होतों. नंतर गॅसवाल्यांचा माणूस आला. त्यानें रबराची नळी वांकवून दाखविली. शेगडीजवळ तिला बारीक चीर गेली होती. अशी नळी फार तर पांच वर्षें वापरावी. ती केव्हां बसविली हें आक्काला आठवेना, आणि दरवर्षीं येऊन तिच्या हातचें जेवून जाणाऱ्या मला तें विचारावेंसें कधीं वाटलें नव्हतें.

सिलिंडरांतला वायु म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन, हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. हवेंत त्याचे शेंकडा दोन भाग झाले तरी तो पेट घेऊं शकतो. मिथेनचे पांच भाग व्हावे लागतात. बोलतांना आपण दोहोंनाही ‘गॅस’ म्हणतों. शेगडी दिसावयास सारखी, ज्योत दोहोंचीही निळी. नांव एक, रूप एक, स्वभाव मात्र उलटे. मीं एकाचा स्वभाव पाठ केला आणि तो दुसऱ्यास लावला. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत असा प्रकार मीं पुष्कळ पाहिला आहे: उत्तर बिनचूक, पण प्रश्न दुसराच. तसल्या उत्तराला मीं कधीं गुण दिलेले नाहींत.

या दोन्ही वायूंना स्वतःचा म्हणावा असा वास जवळजवळ नसतोच. आपल्याला येतो तो मर्कॅप्टन जातीच्या गंधकयुक्त द्रव्याचा. तें त्यांत मुद्दाम मिसळलेलें असतें. या दुर्गंधाचा इतिहास मीं मुंबईस परतल्यावर वाचला. अमेरिकेच्या टेक्सास राज्यांत न्यू लंडन येथें १८ मार्च १९३७ रोजीं दुपारीं, शाळा सुटण्याच्या सुमारास, एका मोठ्या शाळेंत स्फोट झाला. इमारतीच्या जमिनीखालीं बंद पोकळी होती. वर निघून जाण्यास वाट नसल्यामुळें नळांतून गळलेला नैसर्गिक वायु तींत सांठत गेला होता. त्याला वास नव्हता, म्हणून कुणालाच कांहीं कळलें नाहीं. लांकूड घासण्याच्या विजेच्या यंत्राची ठिणगी उडाली, आणि जवळजवळ तीनशें मुलें व शिक्षक प्राणांस मुकले. त्यानंतर वायूंत दुर्गंध मिसळण्याचा कायदा त्या राज्यानें केला, आणि ती रीत पुढें दूरवर पसरली. माझा सारा जन्म वर्गांत गेला आहे; तें वाचून मला पुस्तक मिटवावें लागलें. ज्या दुर्गंधानें मुरुडास मला ओरडावयास लावलें, त्याची किंमत त्या मुलांनीं आधींच देऊन ठेवली होती.

परंतु या सोयींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: प्रत्येक घरांत निदान एक शाबूत नाक असतें. आमच्या आजीच्या चुलीला तशी अट नव्हती. तिचा धूर डोळ्यांना झोंबे, लांकूड तडतडे, निखारा अंधारांत दिसे. तो विस्तव सर्व इंद्रियांशीं बोलत असे. हा एकाशींच बोलतो. सर्दीनें, वार्धक्यानें किंवा करोनासारख्या आजारानें तें एक इंद्रिय बंद पडलें, कीं निरोप दाराशीं येऊन परत जातो. घरांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची आपण औषधें विचारतों, दृष्टि विचारतों, गुडघे विचारतों. “तुला वास येतो ना?” असें मात्र कुणी विचारीत नाहीं.

आतां मुरुडच्या घरीं नवी नळी आहे आणि तिची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहिली आहे. जमिनीपासून वीतभर उंचीवर गॅस ओळखून कर्कश ओरडणारें एक लहानसें यंत्र बसविलें आहे. मुंबईच्या घरींही तसेंच आहे, पण तें छताखालीं वीतभर अंतरावर. शिवाय शेजारच्या वाडींतली सून रोज सकाळीं निरांजनाच्या वेळेआधीं डोकावून जाते. “आक्का, नाक उसनं द्यायला आलें,” असें ती दारांतूनच म्हणते, आणि हुंगून झाल्याशिवाय आक्का काडेपेटीला हात लावीत नाहीं.

परवां आक्काचा दूरध्वनि आला. गांवांत नळाच्या गॅसची बोलवा तिच्या कानांवर आली होती. “खरंच नळ आला, तर हें यंत्र वर टांगावं लागेल ना रे?” तिनें विचारलें. “आणि मग मी काय उघडायचं, दार कीं खिडकी?”

माझें व्याख्यान ओठांवर आलें होतें. मीं तें गिळलें.

“दोन्ही उघड,” मीं म्हटलें. “पण आधीं काडेपेटी खालीं ठेव.”