मॅट्रिक मास्तरांची विद्यार्थिनी

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तरीही २०२४ च्या उन्हाळ्यात मी वैद्यकीच्या १९ विषयांत एका डॉक्टरीणबाईंची रोज तोंडी परीक्षा घेत होतो, असे सांगितले तर आमच्या शाळेचा शिपाईसुद्धा हसेल. पण गोष्ट खरी आहे.

माझी पुतणी मृणाल एम.बी.बी.एस. झाली, इंटर्नशिप संपली, आणि पुन्हा पुस्तके घेऊन आमच्या माडीवर येऊन बसली. पुढे शिकायचे तर नीट-पीजी नावाची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. शेजारच्या काकू रोज विचारीत, "अजून डॉक्टर व्हायचीच आहे का हो ही?"

रात्री जेवणे झाली की ती भिंतीला टेकून डोळे मिटी आणि मी प्रश्न वाची. औषधांची नावे माझ्या तोंडून अशी काही बाहेर पडत की, ती आधी पोटभर हसे आणि मग उत्तर देई. ते बरोबर की चूक, हे मी मागच्या पानावर पाही. माझा अधिकार एवढाच!

एक उपदेश मात्र माझ्या अनुभवाचा होता: अडलेला प्रश्न सोडावा, शेवटी पाहावा. ती म्हणाली, "काका, या परीक्षेत शेवट पाच वेळा येतो." २०० प्रश्नांचे पाच भाग, प्रत्येकाला ४२ मिनिटे. वेळ सरली की त्या भागाचे दार बंद. चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. मी गप्प बसलो.

परीक्षा २३ जूनला. आदल्या दिवशी आठ तास एस.टी.त बसून आम्ही परगावी लॉजवर उतरलो. प्रवेशपत्र उशाशी ठेवून तिने दिवा मालवला. दहाच्या सुमारास मोबाइलवर निरोपांची रीघ लागली. परीक्षा पुढे ढकलली होती! इतर परीक्षांच्या पेपरफुटीचा तेव्हा देशभर गाजावाजा चालला होता. खबरदारी म्हणून हा निर्णय, असे कारण दिले होते. असेलही योग्य. पण वर्षभर ओंजळीत धरलेले पाणी पोरीने न सांडता इथवर आणले होते, आणि नवी तारीखही कुणी सांगत नव्हते.

"काका, तुमची आजची रजा फुकट गेली," एवढेच ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. अंधारात तिचे खांदे हलताना दिसले. मी घोरण्याचे सोंग केले.

परीक्षा पुढे ११ ऑगस्टला झाली. मला आठवते ती परतीची एस.टी. घाट संपल्यावर तिने पिशवीतून पुस्तक काढून माझ्या हातात दिले.

"विचारा."

मी खुणेचे पान उघडले.

"तिथून नको," ती म्हणाली, "पहिल्यापासून."