उजनीकाठची पुंगळी

टेंभुर्णीहून करमाळ्याच्या रस्त्याला लागले की दोन्ही बाजूंना ऊस आणि केळी. कंदर मागे टाकून आम्ही जलाशयाच्या काठाकडे वळलो. मे महिना असल्याने पाणी दूर हटले होते. भेगाळलेल्या गाळातून जुन्या घरांची जोती आणि एका आडाचा कठडा वर आला होता. भीमेवरचे हे धरण 1980 मध्ये पुरे झाले. त्याआधीच काठची गावे उठली. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांच्या डोळ्यांसमोर दुसऱ्यांचा ऊस डोलतो, हे काठावर गेल्यावरच नीट कळते.

नव्या गावठाणातल्या वस्तीत जयभीम झाला, चहा झाला. घरातल्या आजींनी पत्र्याच्या पेटीतून फडक्यात बांधलेली एक पितळी पुंगळी काढली. गाव उठले त्या धांदलीत त्यांच्या सासऱ्यांचे फौजेतले कागद आणि फोटो भिजून गेले. राहिली ती एवढीच. नातू अभिमानाने म्हणाला, "सर, ही कोरेगावच्या लढाईतली आहे."

कोरेगाव याच भीमेच्या काठी, वर पुणे जिल्ह्यात. त्याला तसे वाटले यात नवल नाही, पण आम्हांला गप्प बसवेना. 1 जानेवारी 1818 रोजी शिपायांच्या हाती चकमकीच्या बंदुका होत्या. दारू आणि शिशाची गोळी कागदात गुंडाळलेली असे. तो कागद दातांनी फाडून दारू-गोळी नळीत ठासायची. पितळी पुंगळीचे काडतूस रूढ झाले ते 1860 नंतर. पोराचा चेहरा उतरला. आम्ही म्हणालो, "थांब, ही काय सांगते ते तरी वाचू."

प्रथम बूड पाहिले. मधल्या टोपीवर खळगा होता, म्हणजे काडतूस डागलेले. वाचकहो, तो खळगा नसेल किंवा पुढे गोळी शाबूत असेल, तर वस्तूला हात न लावता पोलिसांना कळवावे. आजी चिंच लावून घासायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवले. घासण्याने अक्षरे झिजतात. ओले फडके फिरवून पुंगळी तिरप्या उन्हात धरली, वर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल फिरवली, तेव्हा छाप उमटला: के. एफ., 43 आणि 7.

के. एफ. म्हणजे खडकी. तिथला दारूगोळ्याचा कारखाना 1869 चा. 43 हे साल, 1943. सात हा काडतुसाचा मार्क. बुडाची कड अंगाबाहेर आलेली, म्हणजे थ्री-नॉट-थ्री. पुढे 1960 नंतर आलेल्या 7.62 च्या पुंगळीला अशी कड नसते, बुडाशी खाच असते. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्याची असेल तर तीवर ओ. एफ. व्ही. दिसते.

आता 1943 हे साल आपल्या दृष्टीने साधे नव्हे. 1892-93 च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, 111 महार पलटण उभी राहिली, ती 1921 मध्ये मोडली. बाबासाहेबांनी सतत पाठपुरावा केला, आणि 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर सुरुवातीला कोरेगावचाच स्तंभ होता! 1946 मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली. तिच्या विकर्स गनमध्येही थ्री-नॉट-थ्रीच चाले.

तरी घाई नको. छापावरचे साल काडतूस तयार झाल्याचे असते, डागल्याचे नव्हे. हीच काडतुसे पुढे कित्येक वर्षे पोलीसही वापरत होते. कोणी डागले, हे पितळ सांगत नाही.

एवढा वेळ गप्प बसलेल्या आजी म्हणाल्या, "मामंजी बेळगावला भरती झालते, असं सांगायचे. मशीनगनवर होतो म्हणायचे." नातवाने हे कधी ऐकलेच नव्हते. त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

मग तिथेच ओसरीवर बसून आम्ही मध्य प्रदेशातल्या सागर येथील महार रेजिमेंटच्या केंद्राला पत्र लिहायला घेतले: नाव, वडिलांचे नाव, भरतीचा अंदाजे काळ, सोबत पेन्सिलीचा छाप. फौजी नंबर कोणाला आठवेना. आजी म्हणाल्या, धाकट्या नणंदेला ठाऊक असेल, ती पुण्याला असते. नातवाने लगेच फोन लावला. गाव लिहिताना त्याने विचारले, "सर, जुनं गावठाण लिहू का नवं?"

"भरती झाले तेव्हाचं लिही," आजींनीच सांगितले, आणि पुंगळी पुन्हा फडक्यात बांधली.