कद

आमच्या घरात उंचीला कद म्हणतात. उर्दूत थोर माणसाला कदावर म्हणण्याची रीत आहे, आणि तिथे इंचांचा हिशेब कोणी करीत नाही. भरतीच्या मैदानावर मात्र तो होतो. महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायचे तर पुरुष उमेदवाराची उंची अनवाणी 165 सेंटीमीटर भरावी लागते, स्त्रीची 155. राज्य राखीव दलाला 168 हवी. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात धानाखेरीज दुसरा आधार थोडा, त्यामुळे हे आकडे घरोघरी तोंडपाठ आहेत. आम्ही शिकवलेले पाढे तेवढे पाठ असते तर!

आम्ही नोकरी उर्दू माध्यमाच्या शाळेत करतो, राहतो नवेगाव बांधला. आमचा एक जुना विद्यार्थी आहे. वय 21, उंची 163.5. वर्षभर तो रोज फज्रनंतर तलावाच्या पाळीवर धावायचा आणि मग झाडाच्या फांदीला लोंबकळायचा. बचतगटातून उचललेले आईचे पैसे कसल्याशा भुकटीच्या डब्यांत गेले. डब्यावर छापले होते, ‘कोणत्याही वयात उंची वाढवा.’ एका संध्याकाळी त्याची अम्मीच आमच्याकडे आली. म्हणाली, “सर, तुम्ही शिकलेले. खरं सांगा, पोराचा कद आता वाढेल का?”

बी.एड.ला हे शिकवीत नाहीत, पण शाळेतले विज्ञान पुरते. मांडीच्या, नडगीच्या लांब हाडांना टोकांजवळ कूर्चेचा एक थर असतो. बालपणी तो वाढतो, त्याचे हाड बनते, आणि मूल उंच होते. वयात आल्यावर शरीरातल्या संप्रेरकांमुळे हा थर हळूहळू हाडच होऊन जातो. मुलींचा साधारण 14 ते 16 व्या वर्षी, मुलांचा 16 ते 18 च्या सुमारास. एखाद्याचा थोडा उशिरा. एकदा तो मिटला की लोंबकळून, पोहून, भुकटी खाऊन उघडत नाही. तिला आम्ही धानाचेच सांगितले. धान निसवल्यावर खत टाकून ताट वाढते का?

तिला ते लगेच पटले. पोराला पटायला वेळ लागला. त्याचे म्हणणे असे की सकाळी मोजले तर तो 164 च्या वर भरतो. ते खोटे नव्हते. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या भाराने दबतात आणि रात्री आडवे झाल्यावर फुगतात, म्हणून सकाळी माणूस सेंटीमीटरभर उंच असतो. अंतराळवीर तर भारहीन अवस्थेत काही सेंटीमीटर वाढतात आणि पृथ्वीवर परतले की पुन्हा होते तेवढेच होतात. पण ही हाडाची वाढ नव्हे.

नागपूरच्या ज्योती आमगे आपल्या विदर्भात सर्वांना ठाऊक आहेत. 2009 मध्ये त्यांची उंची 61.95 सेंटीमीटर नोंदली गेली. 16 डिसेंबर 2011 रोजी त्यांना 18 वर्षे पूर्ण झाली, तेव्हा नागपुरातच मोजणी होऊन 62.8 भरली आणि जगातील सर्वांत बुटकी स्त्री म्हणून गिनीज बुकात नाव गेले. प्रौढांच्या नोंदीसाठी त्या बुकालाही 18 व्या वाढदिवसापर्यंत थांबावे लागले. उलट टोकाचा माणूस ऑस्ट्रियाचा अ‍ॅडम रेनर. 21 व्या वर्षी 118 सेंटीमीटर, आणि 1950 साली वारला तेव्हा 234. मेंदूतल्या पीयूष ग्रंथीवरच्या गाठीने त्याला वाढवले, आणि शेवटी तो अंथरुणाला खिळला. अशी वाढ कोणी मागू नये.

हाड कापून रोज मिलीमीटरभर ताणण्याची शस्त्रक्रिया आहे. सोव्हिएत रशियातल्या डॉ. इलिझारोव्ह यांनी ती जायबंदी पायांसाठी काढली. त्यात महिनोन्‌महिने जातात आणि पैसा पाण्यासारखा. दीड सेंटीमीटरसाठी धडधाकट पाय मोडून घ्यावा, असे आम्हाला तरी वाटत नाही.

राहिला डबा. 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्यात ज्या गोष्टींवर औषध असल्याची जाहिरात करायला बंदी आहे, त्या यादीत माणसाची उंचीही आहे. कायदा सत्तर वर्षांचा झाला, डबे अजून विकले जातात.

कद घडतो तो आमच्याच वर्गात आणि त्याच्याही आधी, आईच्या पोटात आणि पहिल्या दोन वर्षांत. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य शासनाने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा निधी बंद केला. पहिलीच्या पोरांनी आम्हाला विचारले, अंडा कब मिलेगा? त्यांच्या हाडांतली कूर्चा अजून उघडी आहे.

त्या मुलाला आम्ही वनरक्षकाची जाहिरात दाखवली. तिथे पुरुषाला 163 लागते. म्हणजे हा बसतो, सकाळी मोजा की संध्याकाळी. बारावीला भूगोल होता, तोही चालतो. 2013 पासून व्याघ्र प्रकल्प आमच्या दाराशी आहे, तरी त्याच्या डोक्यात फक्त खाकीच होती. आता फांदी सोडून तो पाळीवर 5 किलोमीटर धावतो. पुरुषांच्या चाचणीला तेवढेच अंतर असते. अम्मी विचारते, उरलेल्या दोन डब्यांचे काय करायचे? दुकानदार परत घ्यायला तयार नाही.