तापलेले काळे लोखंड

माझ्या उजव्या तळहातावर, अंगठ्याच्या बुडाशी, एक पांढुरका चट्टा आहे. तो सातव्या वर्षी पडला. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाबाहेर दरवर्षी घिसाड्यांची पाले पडत. पुरुष सांडशीत लोखंड धरून बसे आणि बायको उभ्याने घण घाली. मी तासन्‌तास पाहत असे. एकदा धुळीत पडलेले विळ्याचे पाते मी उचलले. ते लाल नव्हते, काळे होते, म्हणून गार असणार असे मला वाटले. त्या बाईने माझा हात मडक्यातल्या पाण्यात कितीतरी वेळ दाबून धरला होता, एवढे आठवते.

गेल्या हिवाळ्यात हे सारे पुन्हा वर आले. दिल्लीत आठवीत शिकणाऱ्या माझ्या नातीच्या शाळेने कार्यशाळेत लोहारकाम सुरू करायचे ठरवले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना कारागिरांच्या सहवासात काढावेत अशी सूचना आहे, आणि तीत धातुकामाचाही उल्लेख आहे. संमतीपत्रावर सही करायला माझी मुलगी तयार नव्हती. "बाबा, तुम्हीच तिला नको म्हणून सांगा. तुमचा हात दाखवा," ती म्हणाली.

नको म्हणणे सोपे होते. त्याआधी कार्यशाळा तरी पाहावी म्हणून गेलो. साहित्यकृतीची 'घडण' शिकवण्यात माझी हयात गेली. पण जिथे हा शब्द शब्दशः खरा ठरतो, तिथे त्या भाजल्या हातानंतर मी कधी फिरकलो नव्हतो.

शिकवणारे गृहस्थ निवृत्त शिल्पनिदेशक. पहिले दोन आठवडे त्यांनी भट्टी पेटवलीच नाही. मुलांच्या हाती मातीच्या कांड्या दिल्या, कारण तापलेले लोखंड हातोड्याखाली मातीसारखेच सरकते. टोक काढायचे तर आधी चौकोनी, मग अष्टकोनी, शेवटी गोल. घाईने गोल काढू गेले की टोक चिरते. ऐरणीची उंची प्रत्येक मुलाच्या खाली सोडलेल्या मुठीइतकी. डोळ्यांवर चष्मा, पायांत चामडी बूट, केस बांधलेले, कपडे सुती, कारण कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीला चिकटते. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड वर्ज्य. त्याच्या धुराने ताप भरतो. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात २०२३च्या जानेवारीपासून कोळशाला बंदी असल्याने भट्टी गॅसची. तिच्यातून बाहेर पडू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या.

मात्र त्या खिडक्यांतून थेट ऊन येऊ दिलेले नव्हते. मी कारण विचारले. उन्हात लोखंडाची लाली दिसत नाही, ते म्हणाले. सुमारे सातशे अंशांना ते मंद लाल दिसते, नऊशेच्या पुढे नारिंगीकडे झुकते. पण चारशे अंशांवरचे लोखंड पुरते काळे असते आणि भाजते ते तेच. म्हणून त्यांचा पहिला नियम : ऐरणीभोवतीचे प्रत्येक लोखंड तापलेलेच समजायचे. आधी हाताची मागची बाजू जवळ न्यायची, तळहात कधीच नाही. मला कळायला जवळजवळ साठ वर्षे लागली, ते तिथली मुले फळ्यावरून वहीत उतरवून घेत होती.

परतताना रस्त्याकडेला गाडिया लोहारांची वस्ती लागली. १९५५ साली पंडित नेहरूंनी त्यांच्या पूर्वजांना समारंभपूर्वक चित्तोडगडावर नेले होते. इथे नातीच्या वयाची एक मुलगी चष्म्याविना, चपलेविना घण घालीत होती. तिच्यासाठी कोणी संमतीपत्र छापले नव्हते. मेहरौलीचा सहा टनांहून जड लोहस्तंभही अशाच कोणा हातांनी लोखंडाचे गोळे तापवून, ठोकून, एकजीव केला असणार. १९९७पासून त्याच्याभोवती कुंपण आहे, त्यामुळे शाळेच्या सहली तो लांबूनच पाहतात.

घरी येऊन मी नातीला हात दाखवला आणि तो कशाने भाजला तेही सांगितले. नको मात्र म्हणालो नाही. मुलीने दोन दिवसांनी सही केली. भट्टी पेटली त्या दिवशी ती स्वतः कार्यशाळेच्या दाराशी उभी होती.

मार्चमध्ये नातीने एक आकडा घडवून आणला, जरा वाकडाच. तो तिने पुढे केला तेव्हा मी आधी हाताची मागची बाजू त्याच्याजवळ नेली.

"आजोबा," ती म्हणाली, "तो कालचा आहे."