धूळ कोणाची?

सन 2022 च्या जानेवारीची 23 वी तारीख आम्हांस चांगली आठवते. रविवार होता. सकाळीं दादरच्या आमच्या बिऱ्हाडीं गॅलरींतील तुळशीस पाणी घालावयास गेलों, तों पानांवर भुरकट धुळीचा थर, आणि रस्त्यापलीकडची इमारत धुक्यांत बुडाल्यासारखी अंधुक. शेजारीं जुनी चाळ पाडून नवें बांधकाम चाललें होतें, व तेथील सिमेंट आमच्या घरांत येतें ही आमची नित्याची तक्रार. घरांत दम्याचें माणूस. त्या दिवशीं आमचा संयम सुटला. खालीं उतरून तेथील मुकादमास आम्हीं चार कठोर शब्द ऐकविले. ‘साहेब, आज काम बंद आहे,’ एवढेंच तो म्हणाला. ही टोलवाटोलवी आहे असें आम्हीं ठरवून टाकलें.

दुसऱ्या दिवशीं उलगडा झाला. शनिवारीं कराचीकडे उठलेल्या वादळाची धूळ अरबी समुद्र व गुजरात ओलांडून मुंबईवर आली होती.

आपली फजिती झाली म्हणजे मनुष्य शास्त्राकडे वळतो, आम्हीही वळलों. हवेंतील धूळ तोलण्याचें यंत्र मोठें युक्तीचें आहे. तें ताशीं सुमारें एक घनमीटर हवा ओढून कागदी फितीवर गाळतें, आणि फितीवर जमलेल्या डागांतून बीटा किरण सोडतें. किरण जितके अडतील तितकी धूळ अधिक. यंत्राच्या तोंडाशीं अशी योजना असते कीं, 10 मायक्रॉनहून, किंवा दुसऱ्या यंत्रांत 2.5 मायक्रॉनहून, मोठे कण आंत येऊं नयेत. माणसाचा केस सुमारें 70 मायक्रॉन जाड, यावरून कल्पना करावी. घनमीटरभर हवेंत, 24 तासांच्या सरासरीनें, पहिल्या जातीचे 100 व दुसऱ्या जातीचे 60 मायक्रोग्रॅम, ही आपल्या देशानें 2009 सालीं घालून दिलेली मर्यादा.

परंतु यंत्र वजन सांगतें, मालक सांगत नाहीं. त्यासाठीं वाऱ्याची साक्ष काढावी लागते. निरनिराळ्या उंचीवरील वाऱ्याचा वेग व दिशा घेऊन, हवा एक तासापूर्वीं कोठें होती, दोन तासांपूर्वीं कोठें होती, अशी उलट वाट काढीत जातात. ताशीं 36 किलोमीटर वेगाचा वारा दिवसाकाठीं साडेआठशें किलोमीटर जातो. कराची ते मुंबई अंतर साधारण तेवढेंच. शिवाय वाळवंटी धूळ जाडी, धूर बारीक. तेव्हां दोन आंकड्यांपैकीं कोणता अधिक चढला हेंही कांहीं सांगून जातें.

गेल्या शतकांत स्वीडन व नॉर्वे यांवर असाच प्रसंग आला. तेथील तळ्यांचें पाणी आम्ल होऊन मासे मरूं लागले. 1967 सालीं स्वान्ते ओडेन या स्वीडिश शास्त्रज्ञानें सांगितलें कीं, याच्या मुळाशीं असलेलें गंधक ब्रिटन व मध्य युरोप यांच्या धुराड्यांतून येतें. आपल्या गांवची हवा स्वच्छ राहावी म्हणून ब्रिटनमध्यें धुराडीं उंच केलीं होतीं. धूर गेला, पण शेजाऱ्याच्या घरीं. देशोदेशीं वारा व पाऊस मोजले गेले, तेव्हां कोठें 1979 सालीं जिनीव्हा येथें करार झाला.

हें वाचल्यापासून आम्ही घरांतील प्रत्येक खोकल्याचें खापर दूरदेशावर फोडूं लागलों. त्याचेंही प्रायश्चित्त 2022-23 च्या हिवाळ्यांत मिळालें. मुंबईची हवा दुपारचा खारा वारा धुऊन काढतो. त्या हिवाळ्यांत वारे मंदावले, आणि कित्येक दिवस हवा ‘वाईट’ या सदरांत राहिली. दम्याच्या माणसाच्या उशाशीं आम्हीं रात्री जागून काढल्या. या वेळीं दोष द्यावयास वादळ नव्हतें. आमच्याच मोटारींचा धूर, आमच्याच रस्त्यांची व इमारतींची धूळ वाऱ्याअभावीं येथेंच कोंडून राहिली होती. जो वारा एकदां चोर ठरला, तोच रोजचा झाडूवाला होता, हें तो न आल्यावर कळलें.

आतां तक्रार करण्यापूर्वीं आम्ही दोन गोष्टी पाहतों: यंत्राचा आंकडा आणि वाऱ्याची दिशा. मुकादमाची क्षमा मागावयाची मात्र राहून गेली. इमारत पुरी झाली, तो दुसऱ्या कामावर गेला. त्या रविवारीं आम्हीं घराच्या खिडक्या तरी लावून घेतल्या होत्या. तो उघड्यावर उभा होता. ती धूळ आमच्याहून त्याच्याच छातींत अधिक गेली असेल, ही गोष्ट त्याच्यावर रागावतांना आमच्या ध्यानांत आली नाहीं.