ओल्या पावलासाठी

आंघोळ करून बाहेर येणारं पाऊल दिवसातलं सगळ्यात बेसावध पाऊल असतं. अंगाभोवती पंचा, केसांतून मानेवर ओघळणारं पाणी, डोळ्यांत साबणाची किंचित चुरचुर, चष्मा बाहेर कोनाड्यात ठेवलेला. मन तर केव्हाच गॅसवरच्या दुधाकडे नाहीतर आठ-बाराच्या लोकलकडे गेलेलं. अशा वेळी उंबरा ओलांडायचा आणि पलीकडच्या गुळगुळीत फरशीवर अंगाचा सगळा भार एका नरम पडलेल्या तळव्यावर टाकायचा. त्या तळव्याखाली काय असावं, हा प्रश्न मला कधीच किरकोळ वाटला नाही.

जुन्या घरांत तो दगडानेच सोडवलेला असे. देशावरच्या न्हाणीत शहाबादी फरशी असायची. गुलबर्ग्याजवळच्या शहाबादच्या खाणींतला हा करडा चुनखडीचा दगड पदरापदराने सुटतो आणि सुटताना अंगावर बारीक उंचवटे घेऊन येतो. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांची मोरी, नाहीतर टाकी लावून खडबडीत केलेला काळा दगड. बंबातल्या कढत पाण्याने हे दगड ओलेचिंब झाले तरी तळवा धरून ठेवायचे. शेवाळ धरू नये म्हणून घरातल्या बाया ते काथ्याने खसाखसा घाशीत. दाराशी गोणपाटाचा तुकडा किंवा विरलेल्या लुगड्याची चौपदरी घडी असे, ती नुसती पाय पुसायला. पाय घसरू न देण्याचं काम तिच्याकडे नव्हतंच.

मग न्हाणीची बाथरूम झाली. आधी मोझॅइक आलं, मग गुजरातेतल्या मोरबीच्या कारखान्यांतून निघालेल्या चकचकीत टाइल्स गावोगाव पोचल्या. व्हिट्रिफाइड टाइल आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. तिच्यावर डाग बसत नाहीत ते यामुळेच, आणि सांडलेलं पाणी वरच्या वर पातळ पापुद्र्यासारखं पसरून राहतं तेही यामुळेच. त्यात साबणाचा बुळबुळीतपणा मिसळला की तळवा आणि फरशी यांची गाठच पडत नाही. दगडाने खाली ठेवलेलं काम असं आता हातभर कापडाकडे आलं आहे. म्हणून परवडणारी बाथमॅट शोधायला निघताना मी रंग आणि मऊपणा मागे ठेवते. ही वस्तू कुठल्या ओझ्याखाली येणार आहे, ते आधी पाहते.

मॅटच्या वेष्टनावर बहुधा परदेशी न्हाणीघराचं चित्र असतं. पांढरा टब, शेजारी कोरडी जमीन, तिच्यावर लोकरीसारखी गुबगुबीत मॅट. टबातलं पाणी टबातच राहतं, बाहेरच्या मॅटवर फक्त दोन ओले पाय उतरतात. आपली आंघोळ बादली-तांब्याची. पाणी अंगावरून जमिनीवर, जमिनीवरून भिंतीवर, भिंतीवरून पुन्हा जमिनीवर. शॉवर असला तरी त्याला पडदा असतोच असं नाही. ती गुबगुबीत मॅट आपल्याकडे आत टाकली की पहिल्याच आंघोळीत पाण्याने जड होते आणि मग दिवसभर वाळत नाही. तेव्हा आपल्या घरांना दोन निराळ्या वस्तू लागतात: आत, जिथे बसून किंवा उभं राहून पाणी घेतो तिथे भोकांची रबरी किंवा पीव्हीसीची मॅट, आणि उंबऱ्याबाहेर, कोरड्या जमिनीवर, पाणी पिणारं सुती कापड.

आतल्या मॅटबद्दल फार बोलण्यासारखं नाही. खाली चोषकं असलेली मॅट गुळगुळीत टाइलवरच घट्ट बसते. खरबरीत टाइल असेल किंवा चोषक नेमकं दोन टाइलांच्या सांध्यावर आलं, तर हवा शिरते आणि तीच मॅट पायाखालून पळते. अशा जमिनीवर जाळीदार, जाड नळ्यांनी विणल्यासारखी दिसणारी पीव्हीसी मॅट बरी. कुठलीही घेतली तरी रोज उचलून भिंतीला उभी करून ठेवायला हवी, कारण तिच्या पोटाखाली शेवाळ दोन-चार दिवसांत घर करतं.

खरी निवड बाहेरच्या मॅटची.

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एका दुकानदाराने मला या निवडीतलं जे सांगितलं ते कुठल्याही जाहिरातीत वाचलं नव्हतं. मी मऊ फोमची, पाऊल रुतेल अशी मॅट हातात घेतली होती. त्यांनी विचारलं, "ताई, घरात सगळ्यात मोठं माणूस कोण?" म्हटलं, "सासूबाई. पंचाहत्तरीच्या आहेत." "मग ही राहू द्या. म्हातारं माणूस पाय उचलून टाकत नाही, सरकवत चालतं. जाड काठाला अंगठा अडला की तोंडावर पडतं. आणि रुतणाऱ्या वस्तूवर त्याचा तोल राहत नाही. पातळ घ्या, काठ जमिनीला टेकलेला घ्या." त्यांनी ती महागडी मॅट परत फळीवर ठेवली आणि खालच्या गठ्ठ्यातून तिच्या निम्म्याहून कमी किमतीची साधी सुती मॅट काढून दिली. गिऱ्हाइकाच्या घरातलं माणूस डोळ्यांसमोर आणून माल दाखवणारे असे दुकानदार अजून आहेत, आणि त्यांच्यासाठी पेठेतल्या गर्दीत शिरावंसं वाटतं.

त्याच ओघात रंगाचीही गोष्ट आली. फरशी पांढरी आणि मॅटही पांढरी असली की थकलेल्या डोळ्यांना काठ कुठे संपतो ते कळत नाही. म्हणून रंग फरशीपासून उठून दिसणारा हवा. पण अगदी काळाही नको. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला काळी मॅट जमिनीतल्या खड्ड्यासारखी दिसू शकते आणि ते तिथेच थबकतं. विटकरी, हिरवा, गडद पिवळा हे रंग चांगले.

आता मॅटची मागची बाजू. बाजारातल्या बहुतेक मॅटना खालून लॅटेक्सचा किंवा तसल्याच एखाद्या रबरी मसाल्याचा थर दिलेला असतो. नव्या मॅटला तो जमीन छान धरतो. पण रबर आणि कापूस यांचं आयुष्य एकसारखं नाही. कापूस कढत पाणी सोसतो, ऊन सोसतो, धोपटणं सोसतो. रबराला यातलं काहीच मानवत नाही. वर्ष-दीड वर्षात त्याला तडे जातात, पांढरी भुकटी गळू लागते आणि वरचं कापड धडधाकट असताना मॅट टाकून द्यावी लागते. रबर जपायचं म्हणून आपण ती गार पाण्यात बुचकळतो, सावलीत वाळवतो, आणि पायांची बुरशी तिच्या मुळाशी जिवंतच राहते.

पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्या अशा समाईक ओल्या मॅटवरून घरभर फिरू शकतात. आणि ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांना हे आणखी कळकळीने सांगायला हवं. बऱ्याच जुन्या मधुमेहात तळव्याची जाणीव मंदावते. बेचकं चिघळलं, बारीक चीर पडली, तरी त्या माणसाला लवकर कळत नाही. त्याच्यासाठी पाय कोरडा होणं हा औषधोपचाराचाच भाग आहे, आणि पायाखालची मॅट उकळत्या पाण्यातून काढता येणं हाही.

म्हणून माझं मत असं की शोषणं आणि धरून ठेवणं ही दोन कामं एकाच वस्तूवर लादू नयेत. वरती रबर नसलेली, दोन्हीकडून सुती अशी टॉवेलच्या विणीची मॅट घ्यावी. चांगल्या हॉटेलांत न्हाणीच्या काठावर घडी घालून ठेवलेली असते ती. तिच्याखाली गालिचा सरकू नये म्हणून अंथरतात ती रबरी जाळी मॅटपेक्षा बोटभर लहान कापून घालावी. जाळी मीटरवर मिळते, स्वस्त असते, विरली की तेवढीच बदलता येते. मॅट मात्र वर्षानुवर्षं कढत पाण्यात भिजवावी, पिळावी, कडक उन्हात टाकावी. फक्त जाळी नीट बसली आहे ना, ते हाताने ओढून रोज पाहायचं. जाळीविना ही मॅट टाइलवर टाकणं धोक्याचं.

आणि अशी मॅट विणणारं गाव आपल्याकडेच आहे. सोलापूर म्हटलं की चादर आठवते, पण सोलापूरच्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आणि पूर्व भागातल्या गल्ल्यांत मागांचा खडखडाट ऐकू येतो, आणि त्यामागे तेलंगणातून पिढ्यांपूर्वी येऊन इथलेच झालेल्या पद्मशाली विणकरांची कारागिरी आहे. टेरीची वीण पाहण्यासारखी असते. मागावर उभे धागे दोन थरांत लावतात, एक ताणून बसवलेला, दुसरा सैल सोडलेला. आडवे दोन धागे घालून फणी अर्धीच आणतात. तिसरा धागा पडला की फणी पुरती ठोकतात. तिन्ही आडवे धागे ताणलेल्या धाग्यांवरून पुढे सरकतात आणि सैल धागे फुगून वर उभे राहतात. तीच ती कापडावरची कडी. अशा हजारो कड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात आणि प्रत्येक कडीच्या दोन्ही अंगांनी पाणी वर चढतं. त्यातून कापसाचा तंतू नुसता ओला होत नाही, पाणी पोटात घेऊन फुगतो. पाऊल टेकताक्षणी कोरडं वाटतं ते त्यामुळे.

या कड्या किती दाट आहेत, त्यावर मॅटचा कस. अंग पुसायच्या टॉवेलमध्ये चौरस मीटरला साधारण ४०० ते ६०० ग्रॅम सूत असतं. पायाखाली घालायला ७०० पासून १००० पर्यंत हवं. याला दुकानात जीएसएम म्हणतात. हा आकडा छापलेला नसला तरी घरच्या वजनकाट्यावर पडताळता येतो. ५० बाय ८० सेंटीमीटरची मॅट म्हणजे ०.४ चौरस मीटर. ती ८०० जीएसएमची म्हणून विकली असेल तर काट्यावर ३२० ग्रॅमच्या आसपास भरायला हवी. दुकानात काटा नसेल तर मॅट बोटावर उलटी वाकवावी. कड्यांच्या मधून तळाचं कापड भांगासारखं उघडं पडलं तर ती विरळ आहे. कडेची शिवण दुहेरी आहे का पाहावी, आणि एखादी सुटी दशी मागून घेऊन काडीने पेटवावी. सूत असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. नवी मॅट पहिल्या दिवशी पाणी टिपत नाही म्हणून हिरमुसू नये. तिच्यावर कारखान्यातला लेप असतो, दोन-तीन धुण्यांत तो जातो. धुताना कपडे मऊ करणारं द्रव्य मात्र घालू नये, त्याचा थर कड्यांवर बसतो आणि त्या पाण्याला पाठ दाखवतात.

मायक्रोफायबरवर माझा राग नाही. पॉलिस्टरचा तंतू स्वतः पाणी पीत नाही, पण तंतूंच्या फटींत ते धरतो आणि सुताहून लवकर वाळतो. रत्नागिरी-मुंबईच्या आषाढात, जिथे सुती कापड तीन दिवस कुबट वास धरून बसतं, तिथे पातळ मायक्रोफायबर घेणाऱ्याला मी अडवणार नाही. फोमची मात्र आपल्या दमट किनाऱ्यावर कुणी घेऊ नये. वरून कोरडी लागते आणि पोटात ओल साठवते. हल्ली डायटोमाइटच्या कडक पाट्याही मिळतात. डायटम म्हणजे अतिसूक्ष्म शैवाल, त्यांच्या वाळूसारख्या कवचांचे लाखो वर्षांचे थर जमिनीत साचतात, आणि त्या कवचांच्या छिद्रांत पावलाचं पाणी बघता बघता जिरतं. पाहायला अद्भुत वाटतं. पण २०२० च्या अखेरीला जपानमध्ये अशा काही मॅटमध्ये ॲस्बेस्टॉस सापडलं आणि त्या फार मोठ्या संख्येने परत मागवाव्या लागल्या. तेव्हा कोण बनवतं हे ठाऊक नसलेली स्वस्त पाटी टाळावी. शिवाय ती कडक असते, काठाला उंची असते, आणि सरकवत चालणारं पाऊल मला विसरता येत नाही.

बचतगटांच्या प्रदर्शनांत बाया शिंप्याकडच्या चिंध्यांची विणलेली पायपुसणी विकतात, ती मी नेहमी घेते. सुती चिंध्यांचं असेल तर ते उत्तम पाणी टिपतं, आणि खाली जाळी घातली की घसरण्याचं भयही उरत नाही. साड्यांच्या कारखान्यातल्या नायलॉन कापाचं असेल तर ते स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवावं, बाथरूमपाशी नको.

दोन मॅट एकदम घ्याव्यात, म्हणजे एक पायाखाली आणि एक दोरीवर. ४० बाय ६० सेंटीमीटरच्या दोन या एका मोठ्या मॅटपेक्षा लवकर वाळतात आणि बादलीत मावतात. खरेदी वैशाखात करावी, पावसाआधी त्यांची दोन-चार धुणी होऊन जातात. आणि घरात वडीलधारं माणूस असेल तर त्याच फेरीत हार्डवेअरच्या दुकानात जाऊन स्टीलची एक दांडी घ्यावी, उंबऱ्यालगतच्या भिंतीत त्यांच्या कोपराच्या उंचीला, अंगाचं वजन पेलेल अशी ती पक्की बसवून घ्यावी. गवंड्याला बोलवाल त्या दिवशी त्यांनाच तिथे उभं करून उंचीची खूण करून घ्या.